हेल्मेटखाली पुन्हा पुन्हा येणाऱ्या पुळ्या आणि पुरळ: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

सराव सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की कपाळावर खरखर लागते. मग पुळ्या येतात, हनुवटीची कातडी लाल होते, मानेवर केसांच्या कडेला दुखरे फोड उठतात. मलम लावलं की चार दिवस बरं, पुढच्या सामन्यानंतर पुन्हा तेच. हंगाम संपला की चेहरा आपोआप निवळतो. फलंदाज असो, सायकलपटू असो, हॉकीचा गोलरक्षक असो की अमेरिकन फुटबॉल खेळणारा, तक्रार सारखीच असते आणि चूकही बहुधा सारखीच होते. एकामागून एक मलमं बदलली जातात, पण हेल्मेट उलटं करून आत कुणी बघत नाही.

लक्षणं: तुमचा त्रास यातला कोणता?

*पॅडखालची खरखर आणि पुळ्या.* बारीक, कातडीच्याच रंगाचे दाणे. डोळ्यांना दिसण्याआधी ते बोटाला लागतात. नंतर त्यातले काही लाल होतात, काहींत पू धरतो. जागा ठरलेली असते: कपाळावरची आडवी पट्टी, हनुवटीचा कप टेकतो तो भाग, जबड्यावरची पट्ट्याची रेघ. मिल्स आणि क्लिगमन या त्वचारोगतज्ज्ञांनी 1975 मध्ये याला ‘ॲक्ने मेकॅनिका’ हे नाव दिलं. दाब, घासणं, उष्णता आणि कोंडलेला घाम या चार गोष्टी मिळून रंध्राचं तोंड बुजवतात. हेल्मेटवाल्यांमध्ये सगळ्यात जास्त दिसतो तो हाच प्रकार.

*खाजणारे, सगळे एकसारखे दाणे.* कपाळावर केसांच्या कडेने, 1–2 मिलिमीटरचे, जणू एकाच साच्यातून काढलेले. खाज ठळक असते आणि काळी-पांढरी टोकं अजिबात नसतात. हा कातडीवर एरवीही राहणाऱ्या मॅलासेझिया नावाच्या यीस्टचा खेळ आहे. मुरमं समजून प्रतिजैविकाच्या गोळ्या घेतल्या की हे दाणे वाढतात, कारण यीस्टला रोखून धरणारे जिवाणू मरतात आणि यीस्टला मोकळं रान मिळतं.

*मधोमध केस असलेला पुवाचा फोड.* दुखतो, आजूबाजूला लाली असते. हा केसाच्या मुळाचा जिवाणूसंसर्ग. मोठा झाला की त्याचंच केसतोड होतं.

*लाल, कोरडा, खाजरा किंवा चुरचुरणारा चट्टा.* पॅडच्या किंवा पट्ट्याच्या आकाराचा, कड बरीच स्पष्ट. पुळ्या कमी, सालपटं जास्त. फोम, रबर, चामडं, डिंक, धातू किंवा पॅडमध्ये राहिलेला साबण यांपैकी काहीतरी कातडीला सोसत नाही, असा याचा अर्थ.

*गोल चट्टा, कड उठावदार, मध्यभाग निवळत जाणारा.* नायटा. टाळूवर असेल तर केस मुळाशी तुटतात आणि काळे ठिपके दिसतात.

*भुवया, नाकाच्या बाजू आणि टाळूवर तेलकट पिवळसर पापुद्रे.* हा कोंड्याचाच मोठा भाऊ. हेल्मेटमुळे तो होत नाही, पण घाम कोंडला की भडकतो.

*मानेच्या मागे कडक, न जाणाऱ्या गाठी.* हेल्मेटची मागची कड जिथे घासते तिथे. दाट कुरळ्या केसांच्या खेळाडूंना हा त्रास जास्त होतो. सुरुवातीला दोन-चार पुळ्याच वाटतात, पण हळूहळू तिथे वण तयार होतो आणि केस कायमचे जातात. यात घरगुती प्रयोगांत दिवस घालवू नका.

घामोळं ओळखायला सोपं आहे. अगदी बारीक, टोचल्यासारखे दाणे, आणि थंड जागी एक-दोन दिवस बसलं की जातात.

आधी हे बघा. यातलं काहीही असेल तर पुढचं वाचत बसू नका, डॉक्टरकडे जा

- ताप आहे, किंवा लाली तासागणिक पसरते आहे. पेनाने लालीच्या कडेवर रेघ मारा. काही तासांत लाली रेघेबाहेर गेली तर त्याच दिवशी डॉक्टर.
- डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर पाणीदार फोड, डोळा सुजलेला किंवा उजेड सहन न होणारा.
- झुबक्याने आलेले पाणीदार फोड, येण्याआधी मुंग्या किंवा जळजळ. हा हर्पीजचा विषाणू असू शकतो आणि तो कातडीला कातडी लागून पसरतो.
- मधाच्या रंगाची खपली धरणारी ओली जखम. ही संसर्गजन्य असते. तुमचं हेल्मेट दुसऱ्याच्या डोक्यावर गेलं की तीही जाते.
- टाळूवर मऊ, दलदलीत, पू झिरपणारी सूज. हा नायट्याचाच उग्र प्रकार. उशीर झाला तर तिथे केस पुन्हा येत नाहीत.
- नाक आणि वरच्या ओठाच्या भागात मोठं दुखरं केसतोड. ते पिळायचं नाही, सुईने फोडायचं नाही. त्या भागातल्या शिरांचा कवटीच्या आतल्या शिरांशी संबंध आहे, त्यामुळे संसर्ग आत जाऊ शकतो.

यातलं काही नसेल तर आता क्रमाने चला. पहिल्या तपासण्यांना एक पैसा लागत नाही, अवघड आणि खर्चाच्या गोष्टी शेवटी आहेत. एक बदल करा, दोन आठवडे द्या, मग पुढची पायरी. साबण, पॅड आणि मलम एकाच आठवड्यात बदलले तर गुण कशाने आला ते कळत नाही आणि पुढच्या हंगामात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

तपासणी 1: हेल्मेटचा ठसा आणि पुरळाचा नकाशा जुळतो का?

सराव संपला, हेल्मेट काढलं, की एका मिनिटाच्या आत समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मागून मोबाइलवर फोटो काढा. त्या वेळी पॅडचे लाल ठसे कातडीवर उमटलेले असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी, ठसे गेल्यावर, त्याच कोनातून पुन्हा फोटो काढा. आता उरलं आहे ते खरं पुरळ. दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघा.

पुरळ ठशाच्या आत आहे, तर कारण दाब आणि कोंडलेला घाम. ठशाच्या कडेवर रेघेसारखं आहे, तर तिथे शिवण किंवा पट्ट्याची धार घासते आहे. ठसा नाही तिथेही, म्हणजे गालावर, पाठीवर, छातीवर पुळ्या आहेत, तर ती नेहमीची मुरमं आहेत. हेल्मेट त्यात भर घालत असेल, पण मूळ कारण ते नाही. अशा वेळी पॅड बदलत बसण्यापेक्षा तपासणी 8 आधी करा.

ठसा किती वेळ टिकतो तेही बघा. नीट बसणाऱ्या हेल्मेटचा ठसा साधारण 10–15 मिनिटांत फिका पडतो. अर्ध्या तासानंतरही एखादा ठिपका लालच असेल तर तिथे दाब जास्त आहे. त्या जागेचा पॅड कोणता, ते आत्ताच लिहून ठेवा, तपासणी 5 मध्ये लागेल.

तपासणी 2: सराव संपल्यावरचा पहिला अर्धा तास

घाम स्वतः वाईट नाही. पण भिजून फुगलेली कातडी कोरड्या कातडीपेक्षा लवकर सोलवटते आणि रंध्राचं तोंड फुगून अरुंद होतं. हेल्मेट काढल्यावर गप्पा मारत, ओली टोपी तशीच ठेवून तासभर काढला तर नुकसान या तासातही होतच राहतं.

- विश्रांतीत, सुरक्षित जागी, हेल्मेट काढा. कपाळ टिपून घ्या, घासू नका.
- खेळ संपल्यावर होईल तितक्या लवकर, अर्ध्या तासाच्या आत, कोमट पाण्याने आणि सौम्य फेसवॉशने चेहरा, मान आणि केसांची कड धुवा. बोटांनी 30 सेकंद पुरे.
- स्क्रब, खरखरीत घासणी, अल्कोहोलचं टोनर बंद. घासण्यामुळेच आलेल्या पुळ्यांना आणखी घासणं हा उपाय होऊच शकत नाही, तरी सगळ्यात जास्त केली जाणारी चूक हीच आहे.
- टॉवेल स्वतःचा, रोज धुतलेला.
- दाढी सामन्याच्या सकाळी नको. ताज्या वस्तऱ्यावर हनुवटीचा पट्टा म्हणजे उघड्या कातडीवर सँडपेपर. आदल्या संध्याकाळी करा, केसांच्या दिशेने.

केस लांब असतील तर हेल्मेटखाली घट्ट आंबाडा किंवा उंच पोनी बांधू नका. पॅड एका जागी उचलला जातो, हेल्मेट डगमगतं आणि कानशिलावरचे केस ओढले जाऊन विरळ होतात. मानेजवळ सैल, सपाट वेणी बरी.

तपासणी 3: कपाळावर आणि केसांना काय लावता?

केसांचं तेल, वॅक्स, जेल, न धुता ठेवायचं कंडिशनर हे सगळं घामाबरोबर खाली उतरतं आणि कपाळाच्या पॅडपाशी अडतं. पॅड ते स्पंजासारखं शोषतो आणि रोज परत कपाळावर दाबतो. म्हणून तेल बंद केल्यावरही जुना पॅड न धुतल्यास पुळ्या येत राहतात. दोन आठवडे हे सगळं पूर्ण बंद ठेवून बघा.

सनस्क्रीन मात्र बंद करू नका. घासल्याने पडलेले काळे डाग उन्हाने गडद होतात आणि महिनोन्‌महिने जात नाहीत. जेलसारखं, रंध्रं न बुजवणारं सनस्क्रीन घ्या आणि हेल्मेट घालण्याआधी 15 मिनिटं सुकू द्या.

पेट्रोलियम जेलीचा घोळ नेहमी होतो. पट्ट्याखाली कातडी नुसती सोलवटत असेल, पुळ्या नसतील, तर तिचा पातळ थर उपयोगी आहे, कारण घासणं कमी होतं. पुळ्या किंवा केसाच्या मुळाचे फोड असतील तर तीच जेली घाम आणि उष्णता कोंडून त्रास वाढवते. संघातल्या सोबत्याला लागू पडलेला डबा तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

तपासणी 4: पॅड खरोखर स्वच्छ आहेत का?

पॅड धुतले आहेत असं बहुतेक जण म्हणतात. प्रत्यक्षात वरून पुसलेले असतात.

1. माहितीपत्रक बघा. वेल्क्रोवर लावलेले पॅड काढता येतात, काही हेल्मेटांत ते चिकटवलेले असतात. चिकटवलेले ओढून काढू नका. काढण्याआधी फोटो घ्या, म्हणजे परत लावताना जागा चुकणार नाही.
2. एका पांढऱ्या भांड्यात 1 लिटर कोमट पाणी आणि बिनवासाच्या सौम्य द्रवसाबणाचा अर्धा चहाचा चमचा. पॅड 10 मिनिटं भिजू द्या.
3. तळहातांमध्ये दाबा आणि सोडा, दाबा आणि सोडा. पिळू नका, फोमचे कप्पे फाटतात आणि पॅड एका बाजूला बसका होतो.
4. पाणी करडं होईल. बदला. स्वच्छ पाण्यात निदान तीन वेळा खळबळून काढा.
5. आता खरी परीक्षा. भांड्यात ताजं पाणी घेऊन पॅड पाण्याखाली घट्ट दाबा आणि बघत राहा. कडेने दुधट ढग किंवा बारीक फेस निघाला तर साबण अजून आत आहे. तोच साबण उद्या घामात विरघळून कपाळाला लागेल आणि ‘ॲलर्जी’ म्हणून गणला जाईल. ढग निघायचा थांबेपर्यंत खळबळा.
6. टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपा. सावलीत, हवा खेळती असेल तिथे 12–24 तास वाळवा. वरून कोरडा वाटला तरी मध्ये दाबून बघा. गार आणि जड लागला तर वाळलेला नाही.

रोज सराव असेल तर धुण्याचं काम आठवड्यातून दोनदा करावं लागतं, आणि पॅडचा दुसरा जोड नसेल तर हे वेळापत्रक टिकत नाही. या सगळ्या यादीत पैसे खर्च करायला सगळ्यात योग्य वस्तू कुठली असेल तर तो हा दुसरा जोड.

कवच आणि आतला थर्मोकोलसारखा फोम सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा. थिनर, पेट्रोल, ॲसिटोन, ब्लीच किंवा तीव्र जंतुनाशकं वापरू नका. ती प्लास्टिक आणि फोम कमकुवत करतात, तेही डोळ्यांना न दिसता. वॉशिंग मशीन, हेअर ड्रायर, हीटर, तापलेल्या गाडीची मागची काच, हे सगळं वर्ज्य. पुळी बरी करताना डोकं वाचवणारी वस्तू निकामी झाली तर काय कमावलं? जंतुनाशक पुसणी वापरायचीच असेल तर बनवणाऱ्याने परवानगी दिलेलीच घ्या आणि पूर्ण वाळल्यावरच हेल्मेट घाला. ओल्या जंतुनाशकानेही कातडी भाजल्यासारखी होते.

बंद बॅगेत हेल्मेट ठेवण्याची सवय मोडा. घरी आल्यावर बाहेर काढायचं, उलटं, हवेवर.

हेल्मेट दुसऱ्याला देणं किंवा दुसऱ्याचं घेणं बंद. संघाची सामायिक हेल्मेटं असतील तर प्रत्येकाचे पॅड किंवा आतली टोपी वेगळी ठेवा.

तपासणी 5: हेल्मेट बसतं कसं?

पॅड स्वच्छ, कपाळ स्वच्छ, तरी पुळ्या येतातच, तर बसणीत दोष आहे. ही तपासणी आरशासमोर, सावकाश करा.

हेल्मेट घाला, सगळे पट्टे लावा. दोन्ही हातांनी धरून हळूच डावीकडे-उजवीकडे, मग वर-खाली हलवा. नजर कपाळावर ठेवा. हेल्मेटबरोबर कपाळाची कातडीही सरकली, भुवया ओढल्या गेल्या, तर पकड बरोबर आहे. कातडी जागच्या जागी राहिली आणि पॅड तिच्यावरून घसरला, तर ते हेल्मेट सैल आहे. तासाभराच्या धावपळीत तो पॅड शेकडो वेळा तसाच घसरतो. पुळ्या आल्या की कपाळ मोकळं ठेवण्यासाठी खेळाडू हेल्मेट आणखी सैल करतात, आणि त्यामुळेच त्या वाढतात. सैल हेल्मेट अपघातातही जागेवर राहत नाही.

उलट, पकड घट्ट आहे पण एकाच ठिपक्यावर ठसा टिकतो (तपासणी 1 आठवा), तर त्या जागी डोक्याचा आणि कवचाचा आकार जुळत नाही. काहींचं डोकं लांबट असतं, काहींचं गोल. लांबट डोक्यावर गोल साच्याचं हेल्मेट कपाळ आणि मागचा भाग दाबतं, कानांवर मात्र सैल राहतं. वेगवेगळ्या जाडीचे पॅड बनवणाऱ्याकडूनच मिळत असतील तर ते बदला. पॅड कापू नका, काढून टाकू नका, घरचा स्पंज चिकटवू नका. हेल्मेटाची चाचणी ज्या पॅडसह झालेली असते, संरक्षणही त्याच पॅडसह मिळतं.

हनुवटीचा पट्टा: खाली एक-दोन बोटं जातील इतका. तोंड मोठं उघडलं की हेल्मेट डोक्यावर किंचित खाली दाबलं गेलं पाहिजे. पट्ट्याला पीळ असेल तर त्याची धार कातडीत रुततेच, म्हणून तो सपाट करून लावा. वेगवेगळ्या खेळांच्या हेल्मेटांत बारकावे वेगळे असतात, तेव्हा शेवटचा शब्द माहितीपत्रकाचा.

एक गोष्ट हटकून विसरली जाते: केस कापले की हेल्मेटचं माप बदलतं. दाट केस बारीक कापल्यावर हेल्मेटच्या मागची, माप घट्ट-सैल करायची चकती पुन्हा आवळावी लागते. ‘गेल्या महिन्यापर्यंत ठीक होतं’ या तक्रारीमागे पुष्कळदा इतकंच निघतं. चकती नसलेल्या हेल्मेटाला पॅड बदलावे लागतात. नवं घ्यायची वेळ आली तर टेप भुवयांच्या वर साधारण 2.5 सेंटिमीटरवरून, मागच्या उंचवट्यावरून फिरवून माप घ्या. तीनदा घ्या, सगळ्यात मोठं धरा.

तपासणी 6: मधला थर

हेल्मेटखाली घाम ओढून घेणारी पातळ टोपी किंवा कपाळपट्टी घालता येते. पॅड आणि कातडी यांच्यातलं घासणं मग बरंचसं कापडावर जातं. पण टोपी एकपदरी, चपट्या शिवणीची हवी. जाड कापसाची टोपी भिजते, भिजलेलीच राहते आणि हेल्मेट वर उचलते. टोपी घातल्यावर तपासणी 5 पुन्हा करा.

दर सत्राला नवी धुतलेली टोपी. लांब सामन्यात मध्यंतराला बदलायला दुसरी. कालची वाळलेली टोपी आज पुन्हा घालणार असाल तर न घातलेली बरी.

हनुवटीच्या चामडी किंवा रबरी कपालाही काढून धुता येणारं मऊ अस्तर मिळतं. ते निसटणारं नसावं.

तपासणी 7: वस्तूच सोसत नाही का?

पॅडच्या आकाराचा खाजरा, कोरडा चट्टा असेल आणि साबण पूर्ण निघाल्याची खात्री असेल, तरच इथे या. 

पाच-सात दिवस हेल्मेटाशिवायचा व्यायाम करा: धावणं, जिम, पोहणं. (हेल्मेटाशिवाय खेळणं असा याचा अर्थ नाही.) नुसत्या घासण्याने किंवा साबणाने आलेला चट्टा एवढ्यात बराच निवळतो. खरी ॲलर्जी मात्र सहसा दोन-तीन आठवडे घेते आणि हेल्मेट पुन्हा घातल्यावर एक-दोन दिवसांत, पहिल्यापेक्षा जोरात परत येते. हे परत येणं हीच मोठी खूण. नायटा या सुट्टीला अजिबात दाद देत नाही, पसरतच राहतो.

संशयित कोण? रबरात घालतात ती थायुरामसारखी रसायनं, निओप्रीन (एक कृत्रिम रबर) चिकटवायचे डिंक, चामडं कमावताना वापरलेलं क्रोमियम, गडद कापडाचे रंग, धातूच्या बकलांतलं निकेल. निकेलसाठी सोपी चाचणी आहे: डायमिथाइलग्लायऑक्झिमचे थेंब कापसावर घेऊन बकलावर घासा, कापूस गुलाबी झाला तर निकेल सुटतं आहे.

इव्हीए (एक प्रकारचं मऊ प्लास्टिक) फोमकडे जास्त लक्ष द्या. त्यात तयार होणारं असेटोफिनोन अझीन हे द्रव्य 2016 मध्ये एका मुलाच्या नडगीरक्षकात ॲलर्जीचं कारण म्हणून सापडलं. नंतर बुटांतही सापडलं, आणि 2021 साठी अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने त्याची ‘वर्षाचं ॲलर्जन’ म्हणून निवड केली. चट्टा बरा झाल्यावर तिथे पांढुरका डाग राहू शकतो. तुमच्या पॅडचा फोम इव्हीएचा असेल आणि चट्टे असे पांढरे पडत असतील तर हे नाव डॉक्टरांसमोर आवर्जून काढा. ॲलर्जी तपासायच्या नेहमीच्या चाचणी-संचात ते असेलच असं नाही.

तपासणी 8: दुकानात मिळणारी औषधं, आणि त्यांच्या मर्यादा

इथवरच्या पायऱ्या न करता औषध सुरू केलं तर ते लागू पडतं आणि हेल्मेट ते रोज धुऊन काढतं. म्हणून ही पायरी इतक्या खाली.

पॅडखालच्या पुळ्यांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड, 2.5 टक्के जेल किंवा 4–5 टक्के फेसवॉश. फेसवॉश असेल तर 1–2 मिनिटं ठेवून धुवा, पहिले दोन आठवडे एक दिवसाआड. कापडाचा रंग यामुळे उडतो, तेव्हा टॉवेल आणि उशीचा अभ्रा पांढरा ठेवा, आणि जेल सकाळी पूर्ण धुतल्याशिवाय हेल्मेट घालू नका. सहा आठवड्यांत पुरेसा फरक नसेल तर रात्री ॲडापॅलिन 0.1 टक्के: कोरड्या कातडीवर, वाटाण्याएवढं, सगळ्या भागाला मिळून. पुळीपुळीवर ठिपके द्यायचे नाहीत. सुरुवातीला दर तिसऱ्या दिवशी एकदा. याने कातडी काही आठवडे नाजूक होते आणि नाजूक कातडीवर पट्टा लगेच सोलवटतो, म्हणून मोठ्या सामन्याच्या आदल्या रात्री लावू नका. निकाल 12 आठवड्यांनी बघायचा. गरोदर असाल किंवा तसं ठरवत असाल तर ॲडापॅलिन नको. दोन्ही औषधं एकाच दिवशी सुरू करू नका.

खाजऱ्या, एकसारख्या दाण्यांसाठी आणि तेलकट पापुद्र्यांसाठी कीटोकोनाझोल 2 टक्के शाम्पू. ओल्या कपाळावर आणि केसांच्या कडेला लावून 3–5 मिनिटं थांबा, मग धुवा. आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. फेस आला की लगेच धुऊन टाकणारे ‘शाम्पूने काही झालं नाही’ म्हणतात, कारण औषधाला कातडीवर थांबायला वेळच मिळालेला नसतो.

नायट्याला, तो कातडीवर असेल तर, क्लोट्रिमाझोल 1 टक्का, दिवसातून दोनदा, चट्टा दिसेनासा झाल्यावरही एक-दोन आठवडे. टाळूच्या नायट्याला कुठलंही मलम पुरत नाही, बुरशी केसाच्या मुळात असते. तोंडाने घ्यायचं औषध लागतं, ते डॉक्टरच देतील.

सगळ्यात कळकळीची सूचना स्टेरॉइडबद्दल आहे. बुरशी, जिवाणू आणि खाज तिन्हींवर चालतं म्हणून विकलं जाणारं मिश्र मलम ट्यूबवरचा मजकूर न वाचता लावू नका. त्यात क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असेल तर खाज दोन दिवसांत थांबते, नायटा मात्र आतून पसरतो, कड पुसट होऊन ओळखूच येत नाही, आणि चेहऱ्यावर स्टेरॉइडच्या पुळ्या, पातळ कातडी, लाल शिरा उरतात. संपर्काच्या साध्या खाजऱ्या चट्ट्याला फार तर हायड्रोकॉर्टिसोन 1 टक्का, पाच ते सात दिवस, डोळ्यांपासून दूर. तेवढ्यात बरं वाटलं नाही तर मुदत वाढवू नका, थांबा.

इथे थांबा आणि त्वचारोगतज्ज्ञ गाठा

- वरच्या पायऱ्या नीट करून 6–8 आठवडे झाले (ॲडापॅलिन सुरू असेल तर 12) आणि फरक नाही.
- खोल, दुखऱ्या गाठी किंवा खड्डे-वण पडू लागले. वण पडल्यावरचा इलाज वण टाळण्यापेक्षा फार कठीण आहे, त्यामुळे इथे आठवडे मोजू नका.
- मानेवरच्या कडक गाठी, पहिल्या दिसताच. तिथलं वस्तऱ्याने भादरणं त्याच दिवशी बंद.
- केस एका पट्ट्यात विरळ होत आहेत, किंवा टाळूची कातडी गुळगुळीत चकचकीत दिसते आहे.
- केसतोड पुन्हा पुन्हा, किंवा संघात दोघा-तिघांना एकाच वेळी. पुवाची तपासणी करून कोणतं प्रतिजैविक लागू पडेल ते बघावं लागतं. घरात उरलेल्या गोळ्या घेऊ नका.
- चार आठवड्यांत न भरलेली, रक्त येणारी जखम, मग ती कितीही छोटी असो.

ॲलर्जीचा संशय असेल तर पाठीवर पट्ट्या लावून पॅच टेस्ट करतात. पट्ट्या 48 तास राहतात, काढताना एकदा आणि पुन्हा तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाचन होतं. त्या काळात पाठ भिजवायची नाही, घाम येईल असा व्यायाम नाही. म्हणजे सामन्यांच्या आठवड्यात ही चाचणी ठरवू नका. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, निकाल खोटा येऊ शकतो.

जाताना हेल्मेट बरोबर न्या. सुटे पॅड, अस्तराचा तुकडा, पट्ट्याचा तुकडा, आतल्या लेबलचा फोटो, पॅड धुता तो साबण, आणि आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्यासुद्धा. तपासणी 1 मधले फोटो दाखवा. तुम्ही गेलात त्या दिवशी पुरळ निवळलेलं असलं तरी डॉक्टरांना ठसा आणि चट्टा शेजारी-शेजारी बघायला मिळतो.

मैदानावर कधी परतायचं, हे संसर्ग असेल तर डॉक्टर आणि तुमच्या खेळाचे नियम ठरवतील. अंदाजासाठी, अमेरिकेतल्या एनसीएएच्या महाविद्यालयीन कुस्तीत जिवाणूसंसर्गाला अट अशी असते: 48 तासांत एकही नवा फोड नाही, प्रतिजैविकाचे 72 तास पूर्ण, आणि एकही जखम ओली किंवा झिरपणारी नाही. नुसती पट्टी बांधून खेळलेलं चालत नाही. तोवर हेल्मेटचे पॅड बदला किंवा धुऊन पूर्ण वाळवा, आणि ते हेल्मेट बाकीच्यांच्या हेल्मेटांपासून वेगळं ठेवा.